परिग्रह-परिमाण : श्रावकाच्या घरातील एका व्रताचा इतिहास

पेढीवर वर्षअखेरीस शिल्लक मालाची मोजदाद होते. शेतकरी खळ्यावरचे धान्य मापूनच कणगीत भरतो. व्यापार आणि शेती हे जैन समाजाचे दोन प्रमुख व्यवसाय आणि दोहोंतही मोजण्याला मान आहे. मात्र ज्या घरात हा व्यापारी वा शेतकरी सायंकाळी परततो, त्या घरातील वस्तूंची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. कपाटे भरतात, माळा भरतो, पलंगाखालची जागा भरते आणि मग नव्या कपाटाची गरज भासू लागते. वास्तविक ही मोजदाद गृहस्थाच्या घरात व्हावी, यासाठी जैन आचार्यांनी एक स्वतंत्र व्रतच सांगितले आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी ते पाचवे, म्हणजे परिग्रह-परिमाण होय.

अलीकडे घर आवरण्याचा विषय जगभर चर्चिला जात आहे. जपानच्या मारी कोंडो यांचे या विषयावरील पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आले आणि अनेक देशांत लोकप्रिय झाले. जी वस्तू हातात घेतल्यावर मनाला आनंद देत नाही तिला निरोप द्यावा, असा त्यांचा निकष आहे. घर मोकळे करण्यास हा निकष उपयोगी पडतो, याविषयी शंका नाही. परंतु रिकामे झालेले कपाट पुन्हा का भरते, या प्रश्नाचे उत्तर आवरण्यात मिळत नाही. श्रावकाचाराची परंपरा नेमक्या याच प्रश्नापासून सुरू होते.

आनंद श्रावकाची मोजदाद

श्वेतांबर आगमांतील सातवे अंग म्हणजे उपासकदशांग. भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे त्यात आली असून त्यांतील पहिले चरित्र वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीचे आहे. आनंद दरिद्री नव्हता. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरच्या वैभवात, अशी त्याची संपत्ती सांगितली आहे. दहा-दहा हजार गायींचे चार कळप, पाचशे नांगरांची जमीन, प्रवासाच्या पाचशे आणि मालवाहतुकीच्या पाचशे गाड्या, शिवाय नौका, असा त्याचा पसारा होता.

भगवंतांचा उपदेश ऐकल्यावर आनंदाने यांतील काय टाकले, असा प्रश्न वाचकाच्या मनात येतो. चरित्रातील उत्तर अनपेक्षित आहे. आनंदाने आहे त्या संपत्तीलाच सीमा घातली आणि याहून अधिक काहीही न घेण्याचा नियम केला. पुढे मात्र हे वर्णन अतिशय बारकाईत उतरते. स्नानासाठी पाण्याचे आठ घडे, अंग पुसण्यास एक सुगंधी वस्त्र, दातवणासाठी ओल्या ज्येष्ठमधाची काडी, नेसण्यास वस्त्रांची एक जोडी, अलंकारांत कर्णभूषणे आणि नाममुद्रा, असा एकेका वस्तूचा निर्णय त्याने केला. कोट्यवधींचा धनी अंग पुसण्याच्या वस्त्रापर्यंत येऊन थांबतो, यातच या व्रताचे मर्म आहे. परिमाण तिजोरीपुरते नसते, ते न्हाणीघरापर्यंत पोहोचावे लागते.

या चरित्रातील आणखी एक प्रसंग लक्षात घेण्याजोगा आहे. व्रत घेऊन घरी आल्यावर आनंदाने ही वार्ता पत्नी शिवानंदा हिला सांगितली आणि तिनेही भगवंतांकडे जाऊन व्रते घ्यावीत, असे सुचविले. शिवानंदा स्वतः गेली, तिने उपदेश ऐकला आणि श्राविकेची बारा व्रते स्वीकारली. एकाने व्रत घ्यावे आणि त्याचा भार इतरांनी वाहावा, हा मार्ग या घराने पत्करला नाही.

आचार्यांनी ओळखलेल्या पळवाटा

तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा या एका शब्दाने केली आहे. वस्तूपेक्षा वस्तूविषयीची आसक्ती हाच खरा परिग्रह, असा तिचा आशय आहे. याच ग्रंथात श्रावकाने कशाकशाचे परिमाण करावयाचे, याचीही यादी येते. शेत आणि घर, चांदी आणि सोने, पशुधन आणि धान्य, दासी आणि दास, तसेच भांडीकुंडी व वस्त्रे यांचा तीत समावेश आहे. माणसांची गणना मालमत्तेत होत असे, ही त्या काळाच्या समाजरचनेची खूण असून आजच्या वाचकाला ती खटकणे स्वाभाविक आहे. परंतु भांडी आणि वस्त्रे यांसारख्या किरकोळ वस्तूंना सोन्याच्या पंक्तीत बसविणारी ही दृष्टी आजही तितकीच उपयुक्त आहे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या व्रताला इच्छा-परिमाण असेही नाव दिले. मोजावयाचे ते इच्छेलाच, हे या नावातून स्पष्ट होते. त्यांनी सांगितलेल्या या व्रताच्या पाच अतिचारांत अतिसंग्रह आणि अतिलोभ यांच्या जोडीला अतिविस्मय हा एक अतिचार आहे. दुसऱ्याचे वैभव पाहून चकित होत राहणे हाही व्रताला लागणारा दोष होय. जाहिरातींचा आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अखंड दिसणाऱ्या वस्तूंचा हा काळ मुख्यतः अतिविस्मयावरच उभा आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

समंतभद्रांनी आणखी एक सोय करून ठेवली. जे एकदा उपभोगल्यावर संपते ते भोग, उदाहरणार्थ अन्न. आणि जे पुन्हा पुन्हा उपभोगता येते ते उपभोग, उदाहरणार्थ वस्त्र. या दोहोंची मर्यादा जन्मभरासाठी घेतली तर तो यम आणि ठरावीक काळासाठी घेतली तर तो नियम. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू किंवा अयन, अशा मुदती त्यांनी सुचविल्या आहेत. ज्याला जन्माची प्रतिज्ञा झेपत नाही, त्याला एका महिन्याचा नियम घेऊनही या वाटेवर पाऊल टाकता येते. श्वेतांबर घरांतील चौदा नियमांची प्रथाही याच जातीची आहे. आज किती पदार्थ खावयाचे, किती वस्त्रे, किती पादत्राणे, कोणती वाहने वापरावयाची, याचा संकल्प सकाळी करावयाचा आणि सायंकाळी त्याचा आढावा घ्यावयाचा, असे तिचे स्वरूप आहे.

मनुष्यस्वभाव कसा पळवाटा शोधतो, हे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात नेमके टिपले. घरांची संख्या ठरली असेल तर मधली भिंत पाडून दोन घरांचे एक करावयाचे. शेतांची संख्या ठरली असेल तर बांध मोडून दोन शेते जोडावयाची. भांड्यांची संख्या ठरली असेल तर दोहोंचे एक मोठे भांडे करून घ्यावयाचे. जास्तीचे धान्य बांधून दुसऱ्याकडे ठेवावयाचे. जास्तीचे सोने, मुदत संपताच परत घेण्याच्या बोलीवर, कोणाला तरी देऊन टाकावयाचे. संख्या शाबूत राहते आणि व्रत मात्र मळते. नको असलेल्या वस्तू गावाकडच्या घरी नेऊन टाकणे, अथवा सदनिका मोकळी दिसावी म्हणून सामानासाठी वेगळी खोली भाड्याने घेणे, या आजच्या युक्त्या त्या जुन्या युक्त्यांच्याच वंशातल्या आहेत.

अभाव आणि परिमाण

महाराष्ट्रातील जुन्या घरांत वस्तू थोड्या होत्या, हे खरे आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना वेळोवेळी कल्हई केली जाई. भेट आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असे, त्यामुळे प्रत्येक भांड्याला स्वतःची ओळख होती. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की तिची पायपुसणी होत. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण दारावर येई आणि घरातील एक वस्तू बाहेर गेल्यावरच दुसरी आत येई. पुढे स्टेनलेस स्टील आले, प्लॅस्टिक आले आणि १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर बाजारपेठेचे स्वरूपच पालटले. वस्तू टिकविण्यापेक्षा बदलणे सोपे झाले.

तथापि त्या जुन्या घरांचे अवास्तव गुणगान करण्याचे कारण नाही. तेथील साधेपणा पुष्कळदा व्रताचा नसून टंचाईचा होता. हाती पैसा येताच तीच घरे कशी भरून गेली, हे गेल्या काही दशकांत सर्वांनी पाहिले आहे. वस्तू मिळत नाही म्हणून ती नसणे हा अभाव. मिळत असूनही ती न घेणे हे परिमाण. आनंद श्रावकाचे चरित्र श्रीमंताचे आहे, याचे महत्त्व येथे उमगते. परिमाणाची खरी कसोटी संपन्नतेतच लागते आणि समाजातील अनेक कुटुंबे आज प्रथमच त्या कसोटीच्या वेळेला पोहोचली आहेत.

घरातून समाजाकडे

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. संसारातून उदासीन होऊन ते धर्मसाधना करीत होते. न्यायाने मिळविलेल्या आपल्या संपत्तीचा विनियोग धर्म आणि समाज यांच्या उन्नतीसाठी व्हावा, अशी इच्छा त्यांना १९४० मध्ये झाली. त्यांनी देशभर फिरून विद्वानांची मते घेतली आणि १९४१ मध्ये नाशिकजवळील गजपंथ या सिद्धक्षेत्री विद्वानांची बैठक बोलाविली. तीतून जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन झाला. प्रारंभी ३०,००० रुपये देणाऱ्या दोशींनी १९४४ मध्ये सुमारे २,००,००० रुपयांची आपली संपूर्ण संपत्ती संघाला विश्वस्त म्हणून अर्पण केली. जीवराज जैन ग्रंथमालेतून तिलोयपण्णत्तीसारखे दुर्मीळ ग्रंथ संपादित होऊन प्रकाशात आले, ते या त्यागामुळे. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरण साधले. एका घरातील परिग्रह कमी झाला आणि साऱ्या समाजाचे ज्ञानभांडार वाढले.

त्यागाचा भार घरातील कोणावर पडतो, हाही प्रश्न इतिहासाने विचारला आहे. महात्मा गांधींवर श्रीमद् राजचंद्र यांचा प्रभाव सर्वश्रुत आहे. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना तेथील लोकांनी गांधीजींना सोन्याचांदीच्या मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी एक सोन्याचा हारही होता. गांधीजींनी या सर्व भेटी समाजकार्यासाठी विश्वस्तांकडे सोपविण्याचे ठरविले, तेव्हा कस्तुरबांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे सुनांच्या अंगावर काय घालावयाचे, हा त्यांचा प्रश्न होता. गांधीजींनी आत्मकथेत हा वाद लपविला नाही आणि पत्नीची संमती आपण कशीबशी मिळविली, हेही सांगितले.

याच्या शेजारी दक्षिण महाराष्ट्रातील एका जैन घराचे उदाहरण ठेवावे लागेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहू लागली. त्यांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही विकले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. हजारो विद्यार्थ्यांच्या शिक्षणामागे त्या माउलीचा हा त्याग उभा आहे. मात्र स्त्रीधनाला प्रथम हात लावावा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. लक्ष्मीबाईंनी दिले, ते मुलांना आपले मानून दिले. शिवानंदेप्रमाणे प्रत्येकाने आपला निर्णय आपण घेतला, तरच परिमाण घरात रुजते.

आजचे परिमाण

या इतिहासातून आजच्या कुटुंबाला काही स्पष्ट दिशा मिळतात. पहिली अशी की, मोजदाद टाकण्याच्या आधी व्हावी. घरात साड्या किती, पादत्राणे किती, चादरी किती, घड्याळे आणि जुने भ्रमणध्वनी किती, हे एकदा कागदावर उतरविले, तर बरीचशी खरेदी आपोआप थांबते. दुसरी अशी की, आनंदाप्रमाणे आहे त्या संख्येवरच प्रथम रेघ ओढावी. नवे एक आले तर जुने एक योग्य हाती जावे. तिसरी अशी की, मुदत लहान असली तरी ती पाळावी. चातुर्मासाचे चार महिने अन्नाबरोबर वस्त्रखरेदीचाही नियम घेणे कोणत्याही घराला अशक्य नाही.

वस्तू टाकतानाही विवेक हवा. वस्तू उचलताना व ठेवताना, तसेच नको असलेली वस्तू विसर्जित करताना जीवहिंसा होऊ नये, यासाठी मुनींना समिती सांगितल्या आहेत. गृहस्थाला त्या पूर्णांशाने पाळता येत नसल्या, तरी त्यांतील यत्नाचार त्याच्यासाठीही आहे. फाटके कपडे, प्लॅस्टिक आणि बिघडलेली विद्युत उपकरणे उकिरड्यावर भिरकावल्याने घर स्वच्छ होते. परंतु गुरांच्या पोटात आणि ओढ्याच्या पाण्यात त्याची हिंसा चालूच राहते. जी वस्तू चालू स्थितीत आहे ती गरजूच्या हाती, जी दुरुस्त होईल ती कारागिराच्या हाती आणि जी निरुपयोगी झाली ती योग्य ठिकाणी जावी. आणि मुळात जी घेतलीच नाही, तिच्या विसर्जनाचा दोषही लागत नाही.

दान ही जैन समाजाची ओळख आहे. मंदिरे, धर्मशाळा, पांजरपोळ, विद्यार्थी वसतिगृहे या साऱ्यांच्या उभारणीत या दानाचा वाटा मोठा आहे. परंतु ज्याने आपल्या गरजेची रेघ ओढली नाही, त्याला शिल्लक किती हे कधीच कळत नाही आणि शिल्लक कळल्यावाचून मोकळ्या हाताने दान होत नाही. परिमाण आणि दान यांचा हा संबंध पुढील पिढीला शब्दांनी समजावण्याची फारशी गरज पडणार नाही. घरातील वडीलधारी मंडळी दुकानाच्या पायरीवर थांबून, हे आपल्याकडे आहे, असे म्हणत परत फिरताना दिसली, तर मुले ते पाहतील आणि शिकतील.