वर्षानुवर्षं पडून असलेलं बोटीचं इंजिन पुन्हा चालू कसं करायचं?

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ते इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. पूर-बचावाच्या कामात याला ‘ओबीएम’ म्हणतात. वर इंजिन, मध्ये लांब दांडा आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा, एवढीच त्याची रचना.

समुद्र नसलेल्या धाराशिवला याचं काय काम, असं तुम्ही विचाराल. पण जिल्ह्यात माकणीचं निम्न तेरणा धरण आहे, परंड्याकडे सीना-कोळेगाव आहे, कळंबच्या सीमेला मांजरा आहे. शिवाय इथलं पाणी लहरी. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तर सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत असा पूर आला की लोकांना बोटीने आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. म्हणजे इथलं बोटीचं इंजिन दुष्काळात वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहतं आणि एके दिवशी तासाभरात चालू व्हावं लागतं. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: ही सगळी कामं मे महिन्यात करा, पुराच्या दिवशी नाही.

पडून राहिल्यावर नेमकं काय बिघडतं?

इंजिनाचं लोखंड सहसा टिकतं. खराब होतं ते आत राहिलेलं पेट्रोल आणि रबर. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर जमतो. त्यात आता पंपावर ई२० पेट्रोल मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. आपल्याकडच्या उसापासूनही ते बनतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तळातूनच पेट्रोल ओढतं. जुन्या रबरी नळ्याही अशा पेट्रोलसाठी बनवलेल्या नसतात.

पायरी १: आधी फोन काढा, पाना नंतर

इंजिनाच्या क्लॅम्पजवळच्या पट्टीवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. त्याचा फोटो घ्या आणि त्यावरून कंपनीच्या साइटवर मॅन्युअल शोधा. इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे तिथेच कळेल. पुढे प्रत्येक भाग खोलण्याआधी एक फोटो घ्यायचा. कोणती नळी कुठे होती, हे दोन दिवसांनी कुणालाच आठवत नाही. पाणी बाहेर पडण्याच्या भोकात गांधीलमाशीनं घर केलंय का, तेही टॉर्च लावून बघा.

पायरी २: जुनं पेट्रोल पूर्ण काढा

टाकी, नळी आणि कार्बोरेटरची वाटी, तिन्ही रिकामी करा. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. ते बाईकमध्ये टाकू नका, गटारात ओतू नका. नळी वाकवून बघा. भेगा दिसल्या तर सरळ नवी घाला. हे काम उघड्यावर करायचं आणि जवळ बिडी-सिगारेट नको.

पायरी ३: दोरी ओढायची घाई नको

स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. मग दोरी हळूहळू ओढा. इंजिन अजिबात फिरत नसेल तर पिस्टन आत चिकटलेला असू शकतो. तिथे जोर लावायचा नाही, मेकॅनिककडे न्यायचं.

फिरलं तर ठिणगी तपासा. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या बॉडीला टेकवा, हात लांब ठेवून दोरी ओढा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी दिसली नाही तर आधी लाल दोरीची किल-स्विच क्लिप जागेवर आहे का बघा. ती नसेल तर बहुतेक इंजिनं चालूच होत नाहीत. नंतर नवा प्लग घालून बघा.

पायरी ४: कार्बोरेटर

वाटी काढून कार्ब क्लीनरनं जेट साफ करा. तार घालून भोक कोरू नका. भोक मोठं झालं की पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. फ्लोट मोकळा हलतोय का तेही बघा.

पायरी ५: इम्पेलर आणि गियर ऑइल

हे इंजिन ज्या पाण्यात चालतं, त्याच पाण्यानं थंड होतं. ते पाणी वर चढवतो खालच्या भागातला छोटा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर. बरीच वर्षं पडून राहिला की त्याची पाती वाकलेलीच राहतात. इंजिनाच्या मानानं तो स्वस्त असतो, म्हणून मी तपासत बसत नाही, नवाच घालायला सांगतो.

खालच्या गियरच्या डब्याला दोन स्क्रू असतात. खालचा आणि मग वरचा काढून ऑइल सोडा. ते दुधासारखं पांढरट असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. नवं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर आलं की पुरे.

पायरी ६: ड्रममध्ये चाचणी

कोरडं इंजिन काही सेकंदही चालवू नका, इम्पेलर जळतो. मोठ्या ड्रममध्ये पाणी भरा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडायला हवी. पंखा काढून ठेवा आणि गियर न्यूट्रलला ठेवा.

टू-स्ट्रोक असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. बऱ्याच इंजिनांना ५०:१ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली, ५ लिटरला १०० मिली. काही जुन्यांना २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. मॅन्युअल सांगेल तेच खरं. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं ऑइल घ्या. बाईकचं टू-टी हवेनं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. फोर-स्ट्रोकमध्ये मिसळायचं नाही, इंजिन ऑइल बदलायचं.

आता टाकीच्या झाकणाची हवा उघडा, नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबा, चोक ओढा आणि दोरी ओढा. सुरुवातीला धूर येणार, कारण आपण आत ऑइल सोडलंय. एका बाजूनं पाण्याची बारीक धार सुरू झाली पाहिजे. धार आली नाही तर लगेच बंद करा. बंद शेडमध्ये तर चालवूच नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

चालू झालं, आता पुढे?

पहिली फेरी काठाजवळ, शांत पाण्यात. लाइफ जॅकेट अंगात, किल-स्विचची दोरी मनगटाला, वल्ही बोटीत. नुकतंच जागं केलेलं इंजिन घेऊन पुराच्या पाण्यात उतरू नका. तिथे ११२ किंवा जिल्ह्याच्या १०७७ ला फोन करा.

परत ठेवताना पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ड्रममध्ये चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. इंजिन उभं ठेवा, आतलं पाणी निथळून जातं. टाकीत पेट्रोल साठवू नका. फोनमध्ये महिन्याचा रिमाइंडर लावा: ताजं पेट्रोल, १० मिनिटं ड्रममध्ये आणि धार बघायची.