एका दोरावरची माणसं

हिमालयातल्या मोहिमांचा इतिहास आपण शिखरांच्या यादीसारखा वाचतो. कोणतं शिखर, किती उंची, पहिलं पाऊल कुणाचं. महाराष्ट्राच्या मोहिमा अशा वाचल्या तर त्यातलं मुख्य पात्रच निसटतं. ते पात्र म्हणजे संघ, आणि त्याची जडणघडण बर्फात होत नाही. ती कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांच्या डोक्यावर उभ्या असलेल्या काळ्या कातळावर होते.

या मुलखाची सोय अशी की तो मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांच्या हाताशी आहे. मुंबईकर शनिवारी रात्रीच्या लोकलने कर्जतला उतरतो, पुणेकर लोणावळ्याच्या बाजूने घाटमाथ्यावर पोचतो. मध्ये ढाकचा किल्ला, त्याला खेटून उभा कळकराय सुळका, खोपोलीवर डोकावणारी नागफणी आणि खालापुरात नेढं मिरवणारा इर्शाळगड. उंची हजार मीटरच्या आसपास. इथे ना हिमनदी, ना विरळ हवा. मग आठ हजार मीटरला उपयोगी पडेल असं इथे शिकायला काय मिळतं?

दोर धरायला मिळतो. वर चढणाऱ्याचा दोर खाली उभा असलेला माणूस सांभाळतो. वरच्याला खालचा दिसेलच असं नाही. हाक आणि दोराचा ताण एवढ्यावरच काम चालतं. सह्याद्रीचा कातळ कुठे पक्का, कुठे हातात येणारा. मध्येच गवताचा पट्टा आणि घसारा. अशा जागी घाबरल्यावर कोण गप्प होतो, कोण उगाच घाई करतो, कोण शेवटचं पाणी दुसऱ्याला देतो, हे चार-पाच पावसाळ्या-हिवाळ्यांत कळतं. अनुभवी गिर्यारोहक म्हणताना आपण त्याच्या नावावरची शिखरं मोजतो. संघाच्या दृष्टीने अनुभव म्हणजे एकमेकांबद्दलची ही माहिती.

महाराष्ट्राला तिची गरज जास्त होती, कारण इथल्या मोहिमा नागरी होत्या. १९६५ साली एव्हरेस्टवर यशस्वी झालेल्या भारतीय मोहिमेचे नेते नौदलाचे एम. एस. कोहली होते. १९७७ साली कांचनगंगेवर पोचलेली मोहीम सेनादलाची होती, कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालची. सैन्याकडे शिस्त, रसद आणि पगारी रजा असते. नोकरी सांभाळून डोंगरात जाणाऱ्या मराठी माणसाकडे शनिवार-रविवार होते आणि क्लब होता. मुंबईची ‘गिरिविहार’ १९५४ सालची, पुण्याची ‘गिरिप्रेमी’ १९८२ सालची. हुद्दा नसलेल्या या माणसांना एकत्र बांधणारी गोष्ट ओळख हीच होती.

१९८८ साली वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातले नागरी गिर्यारोहक थेट कांचनगंगेवर गेले. शिखर मिळालं नाही आणि एक साथीदार कायमचा गेला. यादीच्या हिशेबात ही मोहीम शून्य. पण आठ हजारी शिखराचा विचार आपल्यासारखी माणसं करू शकतात, हे तिने दाखवलं. दहा वर्षांनी हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या नागरी मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. तिथे पोचलेले ते पहिले महाराष्ट्रीय.

२०१२ ची गिरिप्रेमीची एव्हरेस्ट मोहीम संघ या शब्दाची खरी परीक्षा ठरली. पैसा देणग्यांतून आणि सामान्य माणसांच्या मदतीतून उभा राहिला. मोहीम सुरू असतानाच रमेश गुळवे यांना पक्षाघात झाला. त्यांना पुण्यात आणलं, पण ते वाचले नाहीत. ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं दोर बांधला तो माणूस गेल्यावर उरलेल्यांनी वर जायचं की परतायचं, याचं उत्तर कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात नसतं. ते वर गेले. १९ मे रोजी गिरिप्रेमीचे आठ जण माथ्यावर पोचले. त्याच दिवसाच्या गर्दीत वेगवेगळ्या मोहिमांतल्या चार जणांचा जीव गेला. नेते उमेश झिरपे स्वतः शिखरावर गेले नव्हते. कुणी निघायचं, कुणी थांबायचं, हवामानाचा कौल काय, हे पाहणारा एक माणूस खाली लागतो. कातळावर बिले देणाऱ्याचं काम तेच.

सात वर्षांनी, १५ मे २०१९ रोजी, त्याच झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीचे दहाच्या दहा गिर्यारोहक कांचनगंगेवर पोचले. १९८८ ला अपुरी राहिलेली वाट एकतीस वर्षांनी पुरी झाली. या दहांत भूषण हर्षे, आनंद माळी, प्रसाद जोशी अशी २०१२ ची नावं पुन्हा दिसतात. यशाचं कारण शोधायचं तर ते याच पुनरावृत्तीत आहे.

या गोष्टीत एक उणीव मात्र राहून जाते. दोर लावणारे, तळ उभारणारे, प्राणवायूच्या नळ्या वाहणारे शेर्पा हे संघाचं अर्धं अंग. मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्यांची नावं क्वचितच येतात. आज पैसे भरून व्यावसायिक मोहिमेत जागा घेता येते. शेजारच्या तंबूत कोण आहे हे बेस कॅम्पवर पहिल्यांदा कळतं. अशा गटालाही शिखर मिळतं, आणि त्यात गैर काही नाही. पण वर कुणी कोसळला तर त्याच्यासाठी कोण थांबणार, हा प्रश्न तिथे उघडाच राहतो.

त्याचं उत्तर खालापूरने वेगळ्या प्रसंगी पाहिलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर नेता येईनात. भर पावसात, चिखलाच्या चढणीवरून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांबरोबर गिर्यारोहणाच्या संस्थांमधली मुलंही वर गेली. त्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्सचे सदस्य होते. २७ मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. तिथे कुणाला झेंडा लावायचा नव्हता, आणि कुठलीही नोंद कुणाच्या नावावर होणार नव्हती. ज्या गडावर आजवर दोर बांधायला शिकले, त्याच्याच पायथ्याशी फावडी आणि हातांनी माती उपसायची होती, आणि त्यासाठी ही माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत होती.