सांगणारा, ऐकणारा आणि मधली सत्ता

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू शिष्यांना सगळ्या राष्ट्रांकडे पाठवतो. ख्रिस्ती माणसासाठी सुवार्ता सांगणे हे त्यामुळे हौसेचे काम नव्हे, ती आज्ञा आहे. पण ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मोकळीक नसेल, तर त्याला सांगणे म्हणता येईल का? ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना हा प्रश्न माझ्या मनातून हटत नाही.

पुराणकर्ता थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे होते. त्याचा मित्र थॉमस पाउंड श्रद्धेपायी तुरुंगात गेला. स्वतः स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. राजसत्ता धर्मात शिरली की काय होते, हे त्याने मायदेशी पाहिले होते. गोव्यात मात्र सत्ता त्याच्याच बाजूची होती.

तो येण्याआधीच इथे १५६० साली इन्क्विझिशन आले होते आणि १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांतला रुडॉल्फ अक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. तिथे तो बादशहाच्या निमंत्रणावरून गेला होता, मौलवींशी वाद घालत होता. त्याचे पटवून घेण्याची कुणावर सक्ती नव्हती. कुंकळ्ळीत तो चर्चसाठी जागा पाहायला आला, तेव्हा त्याच्यामागे देवळे पाडणारे राज्य उभे होते. माणूस तोच, सुवार्ताही तीच.

स्टीफन्सने याच साष्टीत आयुष्य काढले, इथली भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली रायतूरला सुमारे ११ हजार ओव्यांचे पुराण रोमन लिपीत छापून घेतले. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. बाप्तिस्म्यासारख्या संस्काराचे नाव मात्र पोर्तुगीजच ठेवतो. मराठीची त्याने गायिलेली थोरवी आपण शाळेपासून ऐकतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आरंभीचा एक प्रसंग. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही?

हा प्रश्न ग्रंथात ठेवला, हे स्टीफन्सचे मोठेपण. त्याने त्यातली पोकळी ओळखली आणि ती ऐकणाऱ्याच्याच छंदात भरली. पण ती पोकळी ज्या बंदीने झाली, तिच्याबद्दल ग्रंथात पश्चात्ताप नाही. मराठीवरचे प्रेम खरे आणि बंदीला दिलेली संमतीही खरी. एकीने दुसरी खोडून निघत नाही.

पुढे सत्तेने त्याचा मार्गही सोडला. १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. तरी ख्रिस्तपुराण टिकले. मूळ छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखिते भाविकांनी जपली, आणि १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी ते पुन्हा छापले. हुकमाने माणसे रांगेत उभी करता येतात. पण तीनशे वर्षे एखादा ग्रंथ हाताने उतरवून घ्यायला कोणताही हुकूम पुरत नाही. तिथे ऐकणाऱ्याने स्वतः होऊन ऐकलेले असते. माझ्या मते, त्या आज्ञेचे खरे पालन झाले ते तिथेच.