इस्केमिया, हृदयस्नायूचा : चाचण्यांतील खुणा

हृदयाच्या स्नायूला गरजेपेक्षा कमी रक्त पोहोचण्याची स्थिती. बहुधा हृदयरोहिणीत मेदाचा थर साचल्याने ती उद्‌भवते. अरुंद रोहिणीवरही बसल्या जागी भागते. चढ लागला की तूट उघडी पडते. म्हणून झोपवून काढलेला ईसीजी निर्दोष असला तरी शंका फिटत नाही.

टीएमटीत (ट्रेडमिल चाचणीत) रुग्णाला सरकत्या पट्ट्यावर चालवतात. ब्रूस पद्धतीत सुरुवात ताशी २.७ किमी वेग व १० टक्के चढाने होते आणि दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. २२०मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्के ठोके गाठायचे असतात. पन्नाशीत सुमारे १४५. ईसीजी आलेखातील एसटी रेषा १ मिमी किंवा जास्त खाली जाऊन सपाट अथवा उतरती राहिली, तर अहवाल ‘पॉझिटिव्ह’. स्त्रियांत तो फसवा निघण्याचे प्रमाण अधिक. गुडघे दुखून मध्येच थांबलेल्याचा ‘निगेटिव्ह’ही फारसा भरवशाचा नाही.

किरणोत्सारी द्रव्य टोचून स्नायूचा रक्तपुरवठा दाखवणाऱ्या स्कॅनचे स्ट्रेस थॅलियम हे नाव टिकले असले तरी हल्ली बहुधा टेक्नेशियम वापरतात. श्रमानंतर फिकट दिसलेला भाग विश्रांतीत भरून आला तर तो इस्केमिया. दोन्ही वेळा फिकटच राहिला तर बहुधा जुन्या झटक्याचा व्रण. अँजिओग्राफीत रोहिणीचा अरुंदपणा दिसतो, स्नायूची उपासमार थेट दिसत नाही. ‘ब्लॉकेज किती टक्के?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न त्यामुळे अपुराच ठरतो.

चाचण्यांबरोबर तंबाखूची चौकशीही हवी. सीमाभागातील निपाणी परिसर तंबाखू-विडीचा. विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो, निकोटीन ठोके वाढवते. म्हणजे पुरवठा कमी, मागणी जास्त. ‘तंबाखू घेता का?’ असे विचारल्यावर बायका नाही म्हणतात आणि दातांना लावायची तंबाखूची मिश्री मोजायची राहते. छातीतली कळ ‘पित्त’ म्हणून सोड्यावर निभावली जाते. बसल्या जागी कळ येऊन घाम फुटला, तर टीएमटीची तारीख घेत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

निपाणीचा रुग्ण कधी बेळगावला केएलई रुग्णालयात, कधी कोल्हापुरात दाखवतो. नव्या डॉक्टरला जुना ईसीजी फार उपयोगी पडतो, कारण बदल ताजा की जुना हे त्यावरून कळते. मात्र त्याचा उष्णतेने उमटणारा कागद कालांतराने पुसट होतो. झेरॉक्स काढून फाइलला लावावी.