छिंगछी
(लॅ. कॅपॅरिस मायक्रॅकॅन्था, कुल–कॅपॅरिडेसी, वरुण कुल). सदापर्णी, काटेरी झुडूप. क्वचित लहान वृक्ष किंवा आधाराने चढणारी वेल. ‘छिंगछी’ हे थाई नाव. प्रसार अंदमान बेटे, म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, दक्षिण चीन, तैवान, इंडोनेशिया व फिलिपीन्स येथे आहे. सखल भागातील झुडपी रानांपासून डोंगरउतारांवरील जंगलांपर्यंत आढळते. महाराष्ट्रात आषाढी एकादशीच्या पारण्याला जिची भाजी करतात ती वाघाटी (कॅ. झेलॅनिका) याच प्रजातीतील.

उंची साधारण ६ मी. पर्यंत. पाने मोठी, चिवट, लंबगोल व गुळगुळीत. उपपर्णांचे काटे आखूड, सरळ किंवा किंचित वाकलेले. फुलोऱ्याच्या फांद्यांवर ते पुष्कळदा नसतातच. त्यामुळे केवळ काट्यांवरून ओळख पटवू नये. खरी खूण फुलांच्या मांडणीत आहे. फुले पानाच्या बगलेत न येता तिच्या वर, खोडावर उभ्या रांगेत येतात; एका रांगेत बहुधा २ ते ७, आणि वर जावे तसे देठ लांब होत जातात. पाकळ्या चार, पांढऱ्या. वरच्या जोडीच्या तळाशी पिवळा डाग असतो व फूल जुने होताना तो तांबडा-जांभळा होतो. केसरदले लांब व पुष्कळ. किंजपुट लांब किंजधरावर उचललेला. मृदुफळ गोल ते लंबगोल, पिकल्यावर नारिंगी-तांबडे, अनेकबीजी. वाघाटीतही फुलांची अशीच रांग व रंग पालटणारा डाग असल्याने सुक्या नमुन्यांत घोटाळा होतो. मात्र वाघाटीचे काटे आकड्यासारखे वाकडे व कोवळे भाग लवदार असतात.

वर्गीकरण : ओ. प. द कांदॉल यांनी १८२४ मध्ये वर्णन केले. लायडनचे मारियस याकोब्स यांनी सिंधू नदीपासून पॅसिफिकपर्यंतच्या कॅपॅरिस जातींचा १९६५ मध्ये जो आढावा घेतला, तो आधारभूत मानला जातो. तैवानमधील रूप त्यांनी या जातीचा प्रकार (हेन्‍री) मानले; काही लेखक त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा देतात.

औषधी उपयोग : याचे मूळ थाई वैद्यकात महत्त्वाचे. ‘हा राक’ (पाच मुळे) अथवा ‘बेंचालोकविछियन’ या तापावरील चूर्णात छिंगछी, उंबर, खोनथा (हॅरिसोनिया पर्फोरॅटा), यानांग (टिलियाकोरा ट्रायँड्रा) आणि थाओ याय मोम ही पाच मुळे समभाग असतात. शेवटची वनस्पती क्लेरोडेंड्रम प्रजातीतील. तिच्या जातीबाबत ग्रंथांत एकवाक्यता नाही. यानांग ही गुळवेलीच्या कुलातील वेल. तिच्या पानांचा हिरवा रस बांबूच्या कोंबांच्या कालवणात घालतात, म्हणजे चूर्णातली एक वनस्पती स्वयंपाकघरातलीही आहे. हे चूर्ण थायलंडच्या राष्ट्रीय आवश्यक औषधसूचीच्या वनौषधी विभागात समाविष्ट असून प्रौढांना १ ते १.५ ग्रॅ. दिवसातून तीनदा, जेवणापूर्वी देतात. डेंग्यूचा संशय असल्यास देऊ नये, कारण ताप उतरून रोगाची लक्षणे झाकली जातात. तीन दिवसांत ताप न उतरल्यास डॉक्टरांकडे जावे, अशी सूचना त्यासोबत आहे. जिवाणूंचे विष टोचून ताप आणलेल्या उंदरांत ताप उतरल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत. मात्र पूर्ण चूर्णावरच्या प्रयोगांवरून एकट्या छिंगछीच्या पदरात किती श्रेय टाकावे, हे ठरत नाही. औषध मुळाचे असल्यामुळे ते काढताना झुडपाला इजा होते. फळा-पानांच्या औषधांपेक्षा हा प्रकार रानाला महाग पडतो.

फळ : पिकलेले फळ खाद्य.

कीटकसंबंध : कॅपॅरिस प्रजातीच्या पानांत मोहरीसारखी गंधकयुक्त द्रव्ये असतात. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या पिएरिडी कुलातील अनेक जातींच्या अळ्या ती पचवून या पानांवर वाढतात. ‘ग्रेट ऑरेंज टिप’ ही त्यांपैकी एक असून ती भारतातही आढळते.

बाजारात ‘केपर’ म्हणून खारवून बरणीत भरलेल्या कळ्या मिळतात त्या या झुडपाच्या नव्हेत; त्या भूमध्य सागरी प्रदेशातील कॅ. स्पायनोजा या जातीच्या असतात.