वर्धा जिल्ह्यातील रंगस्थाने व क्रीडास्थाने

महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वर्धा जिल्ह्यात भजन, कीर्तन, लोकनाट्य, कुस्ती, बैलांच्या शर्यती इत्यादींसाठी लोक ज्या ठिकाणी एकत्र येत आले, त्या ठिकाणांचा हा इतिहास होय. केवळ बांधीव नाट्यगृहांचा हिशेब मांडावयाचा झाल्यास या जिल्ह्याच्या वाट्याला फार थोडे येते. येथील प्रयोगाची खरी जागा म्हणजे उघडे मैदान, गावाचा आखर, नदीचा काठ आणि आश्रमाचे अंगण. त्या जागेत कोणास प्रवेश होता व कोणास नव्हता, हा प्रश्न या इतिहासात वारंवार पुढे येतो.

नाट्यगृहांच्या या उणिवेमागे ऐतिहासिक कारण आहे. सांगलीस १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला तो तेथील संस्थानिकांच्या प्रोत्साहनाने, कोल्हापूरचे खासबाग मैदान उभे राहिले ते शाहू महाराजांच्या कुस्तीप्रेमामुळे. वर्ध्यास असा दरबार कधीच नव्हता. नागपूर जिल्ह्यातून १८६२ मध्ये हा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखून वसविण्यात आले. पुढच्याच वर्षी मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. शहर वाढले ते कापसाच्या व्यापारावर, आणि नाट्यसंगीताचा रसिक नागपूरकडे वळला. तेथे जाणे आगगाडीने सोपे झाल्यामुळे वर्ध्यास स्वतःच्या रंगमंदिराची निकड भासली नसावी. हवामानाचाही येथे विचार केला पाहिजे. उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाणाऱ्या या प्रदेशात कौलारू छपराखाली दाटीने बसण्यापेक्षा रात्री उघड्यावर बसणे केव्हाही सुखाचे होते.

ग्रामीण भागातील सर्वांत जुनी रंगभूमी म्हणजे आखर. गावाच्या कडेच्या या मोकळ्या जागेवर श्रावण अमावास्येस पोळा भरतो. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या रांगेने उभ्या करतात आणि तोरण तुटण्यापूर्वी ‘झडत्या’ म्हणतात. झडती म्हणजे मोठ्याने म्हणावयाची, यमक जुळविलेली, बहुधा खोचक पदरचना. सावकार, सरकार, कापसाचा भाव, गावातील एखादा कंजूष गृहस्थ यांपैकी कोणीही तिच्या तावडीतून सुटत नाही. वाङ्मयेतिहासात झडतीला फारसे स्थान मिळाले नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे. वऱ्हाडी बोलीतील उपरोध इतका नेमका अन्यत्र क्वचितच सापडेल. मात्र हा आखर सर्वांना सारखा होता असे समजण्याचे कारण नाही. तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान पाटलाचा असे आणि उभे राहण्याचा क्रमही गावातील उतरंडीप्रमाणे ठरे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा ‘तान्हा पोळा’ असतो. त्यात मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून आणतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळात सुरू झाली, असे मानले जाते. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा विशेष प्रसिद्ध आहे. तेथे मोठमोठे लाकडी बैल व त्यांसोबतचे देखावे पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. या उत्सवामुळे हे लहानसे गाव एका दिवसापुरते रंगमंचच बनते.

लोकनाट्याच्या दृष्टीने हा जिल्हा सीमाप्रदेशात मोडतो. पूर्वेस चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या भागांत झाडीपट्टीची व्यावसायिक रंगभूमी आहे. तेथे दिवाळीनंतरच्या मंडईच्या निमित्ताने रात्ररात्र नाटके चालतात. वर्ध्यास अशा नाटकमंडळ्यांचे केंद्र निर्माण झाले नाही. परंतु नागपूर-भंडारा परिसरात रुजलेली ‘खडी गंमत’ व ‘दंडार’ या दोन प्रकारांशी येथील प्रेक्षक परिचित आहेत. खडी गंमत उभ्याने सादर होते, म्हणून ती ‘खडी’. शाहीर, ढोलकी, तुणतुणे, स्त्रीवेषातील नाच्या आणि हजरजबाबी सोंगाड्या एवढ्या सामग्रीवर ती पहाटेपर्यंत चालते. तिला पडदा नाही व नेपथ्यही नाही. प्रेक्षक तिन्ही-चारी बाजूंनी बसतात.

गावात छप्पर असलेली सार्वजनिक प्रयोगाची जागा बहुधा एकच असे, ती म्हणजे देवळाचा सभामंडप. कीर्तन, प्रवचन, भजन तेथे होई. ज्यांना देऊळ बंद, त्यांना हे सर्व बाहेरून ऐकावे लागे. म्हणून जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, या घटनेकडे केवळ मंदिरप्रवेश म्हणून पाहणे अपुरे ठरते. मूर्तीच्या दर्शनाबरोबरच सभामंडपातील श्रोत्यांची जागाही त्या दिवशी खुली झाली. या निर्णयास सनातनी मंडळींचा विरोध झाला, तरी मंदिर पुन्हा बंद झाले नाही. ते आजही शहराच्या मध्यवस्तीत पाहावयास मिळते. १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर बौद्ध वस्त्यांतील विहारे व त्यांपुढील पटांगणे ही भीमगीतांच्या कार्यक्रमांची स्वतंत्र स्थाने झाली. कोणाच्या परवानगीवर अवलंबून नसलेल्या रंगस्थानाची गरज त्यांमुळे भागली.

जिल्ह्यातील सर्वांत लक्षणीय श्रवणस्थान सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनाभूमीत आहे. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्यापासून सुमारे ८ किमी. वरील शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आदिनिवास व बापूकुटी यांच्या सान्निध्यातील मोकळ्या जागेवर पहाटे व सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होई. तिला भिंती नाहीत, व्यासपीठ नाही, छप्पर नाही. प्रार्थनेचा सांगीतिक पाया साबरमतीस असताना पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी घातला होता. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य असलेल्या खरे यांनी आश्रम-भजनावलीची सिद्धता करताना रागदारीचे शिक्षण न घेतलेल्या माणसासही म्हणता येईल अशा चाली निवडल्या. संगीत हे ऐकविण्याची नव्हे तर सर्वांनी मिळून म्हणण्याची गोष्ट आहे, ही दृष्टी त्यामागे होती.

या प्रार्थनेची रचना एका वेळी कोणी बसून ठरविलेली नाही. आश्रमात माणसे येत गेली तशी ती वाढत गेली. जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी यांनी १९३३ मध्ये वर्ध्यास गांधीजींची भेट घेतली. त्यांच्या परंपरेतील एक भिक्षू पुढे सेवाग्रामास राहिला व तो ढोल वाजवीत आपला मंत्र म्हणे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरताच सरकारने त्यास अटक केली. भिक्षू गेला, परंतु त्याचा मंत्र प्रार्थनेच्या आरंभी कायम ठेवण्यात आला. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाची आठवण अशा रीतीने दररोज जागती ठेवणे, हे त्या काळी साधे कृत्य नव्हते. कुराणातील आयते, उपनिषदांतील वचने व ख्रिस्ती स्तोत्रे यांना जोड म्हणून पारशी गाथेतील अंश आला तो आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत डॉ. गिल्डर यांच्याकडून. कुष्ठरोगामुळे समाजाबाहेर पडलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची कुटी याच आवारात आहे.

गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्रामहून निघाले ते परत आले नाहीत. प्रार्थना मात्र चालू राहिली. पाहुण्यास सायंकाळच्या प्रार्थनेस बसता येते, आणि जिल्ह्यास भेट देणाऱ्याने ती चुकवू नये. स्वरांची सफाई तेथे शोधू नये. उघड्या आकाशाखाली एकत्र म्हटलेल्या शब्दांची लय मात्र अन्यत्र सहसा ऐकावयास मिळत नाही.

येथील शिक्षणप्रयोगानेही कलेस स्थान दिले. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षणपरिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने केलेल्या अभ्यासक्रमात हस्तोद्योगाबरोबर संगीत व चित्रकला हे विषय होते. ‘नई तालीम’ म्हणजे केवळ सूतकताई, हा रूढ समज त्यामुळे टिकत नाही. सेवाग्रामचे काम पाहणारे आर्यनायकम् दांपत्य शांतिनिकेतनातून आले होते. तेथेच शिकलेले चित्रकार देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामच्या शाळेत कलाशिक्षक झाले.

१९३६ मध्येच तुकडोजी महाराज (१९०९–६८) गांधीजींच्या निमंत्रणावरून सुमारे महिनाभर सेवाग्रामास राहिले. खंजिरीच्या ठेक्यावरील त्यांच्या भजनाने प्रभावित होऊन गांधीजींनी मौनाच्या दिवशीही ‘आणखी एक’ अशी इच्छा दर्शविली, अशी आठवण सांगितली जाते. खंजिरी हे वाद्य स्वस्त, हलके आणि कोणासही पेलणारे. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून हे भजन व सामुदायिक प्रार्थना विदर्भातील गावोगावच्या चौकांत पोहोचली. भजनीमंडळांच्या खंजिरी-स्पर्धा हा आजही गावातील गर्दी खेचणारा कार्यक्रम होय.

पवनार येथे धाम नदीच्या काठी विनोबा भावे १९३८ पासून राहू लागले व १९५९ मध्ये त्यांनी तेथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्यामंदिर स्थापिले. येथील नित्यपाठात ईशावास्य, विष्णुसहस्रनाम आणि गीताईतील स्थितप्रज्ञलक्षणे यांचा समावेश होतो. धार्मिक पठणाचे नेतृत्व पूर्णतः स्त्रियांकडे असणे, ही त्यातील विशेष बाब. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचा अंश धाम नदीत विसर्जित करण्यात आला. त्या तिथीस नदीकाठी सर्वोदय मेळा भरतो व लोक स्वतः कातलेल्या सुताच्या गुंड्या अर्पण करतात. वर्ध्याजवळ गोपुरी येथील गीताई मंदिर (१९८०) हेही छप्पररहित असून त्यातील शिलांवर संपूर्ण गीताई कोरलेली आहे.

खेळांपैकी कुस्ती व शंकरपट यांची परंपरा जुनी आहे. नागपंचमी व यात्रांच्या निमित्ताने भरणाऱ्या ‘आमदंगली’ हे कुस्तीचे लोकप्रिय रूप. देवळी हे गाव कुस्तीसाठी ओळखले जाते. २०१४ ते २०२४ या काळात वर्ध्याचे लोकसभा सदस्य असलेले मल्ल रामदास तडस तेथील होत. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. ती पिके घरात आल्यानंतर, हिवाळ्यात भरते. हलक्या छकड्यास जुंपलेल्या जोड्या समांतर पट्ट्यांवरून सोडतात व धुरकऱ्याचे कौशल्य काही सेकंदांत पणास लागते. वर्धा नदीपलीकडील तळेगाव दशासर (जि. अमरावती) येथील पट जिल्ह्यातील शेतकऱ्यांनाही जवळचा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये प्राण्यांच्या क्रूर वागणुकीच्या कारणास्तव अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. पराणी टोचण्यास आता मनाई आहे. बंदीच्या काळात पटाच्या बैलांचे पालन अनेकांना परवडेनासे झाले, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी होती. न्यायालयासमोर आलेले क्रौर्याचे पुरावेही खोटे नव्हते. दोहोंचा मेळ कितपत बसला, हे प्रत्येक पटावर जाऊनच ठरवावे लागते.

बंदिस्त सभागृहांची भर अलीकडची. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या टेकडीवरील आवारात हबीब तनवीर यांच्या नावाचे सभागृह आहे. छत्तीसगढी नाचाच्या कलावंतांना घेऊन आधुनिक नाटक घडविणाऱ्या या दिग्दर्शकाचे नाव, खडी गंमतीच्या प्रदेशात योग्यच म्हटले पाहिजे.

तरीही मोठा समुदाय जमतो तो मैदानावरच. वर्ध्यास १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतर ९६ वे अखिल भारतीय संमेलन ३ ते ५ फेब्रुवारी २०२३ या काळात न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर भरले. ४ व ५ फेब्रुवारीस, चंद्रकांत वानखडे यांच्या अध्यक्षतेखाली, विद्रोही साहित्य संमेलन त्याच शहरात रामनगरच्या मैदानावर झाले. एकाच गावातील दोन मैदानांवर मराठी साहित्यातील दोन भूमिका एकाच वेळी मांडल्या गेल्या आणि श्रोत्यांना एका मंडपातून दुसऱ्या मंडपात पायी जाता येत होते. रामनगरचे ते मैदान लोक सर्कस मैदान या नावाने ओळखतात.