स्थानिक विक्री आणि तिचा कर : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

विक्रीकराचा हिशेब म्हणजे विक्रीच्या रकमेस कराच्या दराने गुणणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गुणाकारात यंत्र चुकत नाही. यास्तव दुकानाचा हिशेब संगणकाकडे सोपविला की कराचा प्रश्न सुटला, असेही मानले जाते. बीड जिल्ह्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा करविषयक इतिहास पाहता या समजुतीस आधार सापडत नाही. गुणाकारापूर्वी चार गोष्टी ठरवाव्या लागतात: विक्री कोठे झाली, वस्तू कोणती, दर कोणत्या दिवसाचा आणि अपूर्णांकाचे काय करावयाचे. चुका प्रायः येथेच होतात.

प्रथम स्थळाचा विचार करू. ‘स्थानिक’ हा शब्द स्थिर वाटतो. परंतु बीडमध्ये त्याचा अर्थ एका पिढीच्या आत उलटा झाला. हैदराबाद संस्थानाच्या काळात सीमेवर करोडगिरी घेतली जात असे, आणि आष्टी तालुक्याच्या पलीकडचे जामखेड हे ब्रिटिश मुलखातील गाव होते. तेथील कलदार रुपया आणि संस्थानचा हाली रुपया यांतही भेद होता. सात हाली म्हणजे साधारणतः सहा कलदार असा हिशेब चाले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० साली हैदराबाद राज्याचा सर्वसाधारण विक्रीकर कायदा आला. त्या वेळी परळीच्या व्यापाऱ्याने हैदराबादेहून आणलेला माल राज्यातला, तर नगरहून आणलेला माल परराज्यातला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ही व्यवस्था उलटली.

मात्र राज्य एक झाले तरी कायदा एक झाला नाही. मुंबईचा १९५३ चा, मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४७ चा आणि हैदराबादचा १९५० चा असे निरनिराळे कायदे आपापल्या जुन्या प्रदेशांत चालू राहिले. १ जानेवारी १९६० पासून मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ अमलात आल्यावर त्यांचे एकीकरण झाले. राजकीय सीमा आणि कराची सीमा यांत सुमारे तीन वर्षे अंतर होते, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. याखेरीज नगरपरिषदांच्या हद्दीवर जकात होतीच. मुळात दानधर्माचा वाचक असलेला हा अरबी शब्द मराठीत नाक्यावरच्या वसुलीचा वाचक झाला. नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात १९९९ मध्ये रद्द झाली.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यानंतर स्थळाचा प्रश्न अधिकच निर्णायक झाला. राज्यांतर्गत व्यवहारावर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन समान भाग, तर आंतरराज्य व्यवहारावर एकच एकात्मिक कर आकारला जातो. नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य दर्शवितात: महाराष्ट्राचे २७, तेलंगणाचे ३६. संगणकप्रणाली या अंकांवरून कर ठरवू लागली, तर बहुतेक वेळा ती बरोबर येईल. परंतु नेहमी नाही. हैदराबादच्या ग्राहकाने परळीच्या दुकानात येऊन माल ताब्यात घेतला, तर पुरवठ्याचे स्थळ परळीच होय. तोच माल विक्रेत्याने हैदराबादेस रवाना केला, तर माल जेथे पोहोचतो ते स्थळ धरावे लागते. ग्राहक एकच, पत्ता एकच. कर मात्र भिन्न.

दुसरी गोष्ट वस्तूच्या नावाची. या बाबतीत शेजारच्या विदर्भातील एक खटला उद्‌बोधक आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड कायद्याच्या करमुक्त वस्तूंच्या यादीत भाज्या आणि विड्याची पाने यांच्या स्वतंत्र नोंदी होत्या. पुढे पानांची नोंद वगळण्यात आली. अकोल्याच्या प्रकरणात व्यापाऱ्याचे म्हणणे असे होते की, पान ही वनस्पती असल्यामुळे तिचा समावेश भाजीत व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा दावा अमान्य केला. करकायद्यातील शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्रावरून न घेता लोकव्यवहारातून घ्यावा, हे त्या निर्णयाचे तत्त्व होय. विडा खाणाऱ्या समाजात पानाला भाजी कोणी म्हणत नाही, एवढाच त्याचा आशय.

आज नावांऐवजी संकेतांक आले असले, तरी अर्थनिर्णयाची पायरी टळलेली नाही. बीडच्या बालाघाट परिसरातील सीताफळ ताजे असता करमुक्त. त्याचा गर काढून गोठविला की तो निराळ्या नोंदीखाली जातो. हा भेद यंत्रास कळत नाही. संकेतांक नोंदविणाऱ्याने तो आधीच केलेला असावा लागतो.

तिसरी गोष्ट काळाची. मूल्यवर्धित करपद्धती महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून आली. तीतील ४ टक्क्यांचा दर २०१० मध्ये ५ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे अनेक दर बदलले. त्यापूर्वी विकलेला माल नंतर परत आल्यास जुन्याच दराने वजावट द्यावी लागते. ज्या प्रणालीत दर बदलताना जुना दर पुसला जातो, तिच्यात हा हिशेब करणे अशक्य होते. दराबरोबर त्याच्या आरंभाची व अखेरीची तारीख ठेवणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

चौथी गोष्ट अपूर्णांकाची. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या कायद्यात दर रुपयास अर्धा आणा, म्हणजे एक बत्तिसांश होता. निमकी-पावकी पाठ असलेल्या मुनिमास हा हिशेब तोंडी येई; निम्मे करीत जाणे एवढेच काम. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि एक आणा सव्वासहा नव्या पैशांबरोबर झाला. सरकारी कोष्टकात एका आण्यास ६, तर तीन आण्यांस १९ नवे पैसे धरले होते. एकेक आणा तीनदा दिल्यास १८, एकदम दिल्यास १९!

आजची अडचण याच जातीची आहे. तेहतीस रुपयांच्या वस्तूवर अडीच टक्क्यांचा एक भाग ८२.५ पैसे होतो, तो ८३ धरला जातो. दोन भागांचे १ रुपया ६६ पैसे. परराज्यात पाठविल्यास ५ टक्क्यांनी १ रुपया ६५ पैसेच. अशा तीन वस्तूंवर ओळीओळीने पूर्णांक केल्यास प्रत्येक भाग २.४९, बेरजेवर केल्यास २.४८ रुपये. मौज अशी की, द्विमान पद्धतीने मोजणाऱ्या संगणकास अर्धा आणा, म्हणजे रुपयाचा बत्तिसावा भाग, नेमका लिहिता येतो. रुपयाचा शंभरावा भाग मात्र आवर्ती राहतो. यास्तव रकमा पूर्ण पैशांत साठवाव्यात आणि पूर्णांक कोणत्या पायरीस करावयाचा हे एकदा ठरवून ते सर्वत्र पाळावे, हाच सुरक्षित मार्ग होय.

एका पैशाचा फरक क्षुल्लक म्हणता येईल. स्थळाची चूक तशी नाही. स्थानिक समजून भरलेला कर आंतरराज्य ठरला, तर व्यापाऱ्यास योग्य कर पुन्हा भरून आधीच्या रकमेच्या परताव्यासाठी अर्ज करावा लागतो. व्याज लागत नसले, तरी लहान दुकानदाराचे भांडवल तोवर अडकून पडते. जामखेड आणि हैदराबाद आपल्या जागी आहेत. बदलले ते ‘स्थानिक’ या शब्दाचे क्षेत्र. अशा शब्दांचे अर्थ जो निश्चित करतो, त्याच्या विवेकावर यंत्राचे उत्तर अवलंबून राहते.